डबा ५.१ चा, आवाज दोनच चॅनलचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात होम थिएटरच्या जाहिरातींची पाने भरू लागतात. '५.१ सराउंड', '१०,००० वॅट', 'ब्लूटूथ, एफएम, यूएसबी सगळे एकात'. यातला ५.१ हा आकडा स्वस्त संचांच्या बाबतीत बहुधा डब्यांची संख्या सांगतो, आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. खरेदी करताना आणि घरी जोडणी करताना नेमके काय पाहावे, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर कृपया शेवटून लावावी.

५.१ म्हणजे सहा स्वतंत्र आवाज. समोर डावा, मधला आणि उजवा, बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे दोन सराउंड, आणि '.१' म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेला सहावा, जो सबवूफरकडे जातो. संवाद मुख्यतः मधल्यातून येतात. पाऊस, गर्दी, मागून निघून जाणारी मोटार सराउंडमधून. हे सहा आवाज चित्रपटातच वेगवेगळे भरलेले असतात आणि वेगवेगळेच संचापर्यंत पोचावे लागतात. गोम इथेच आहे. स्वस्त संचाला टीव्हीचा आवाज घ्यायला बहुतेकदा ऑक्सची पिन असते, नाहीतर लाल-पांढऱ्या आरसीए पिना. ऑक्सची ती साडेतीन मिलिमीटरची पिन जवळून पाहा. दोन काळ्या रेघांनी तिचे तीन भाग पडलेले दिसतात: टोक डाव्या आवाजासाठी, मधला पट्टा उजव्यासाठी, बुडाचा भाग दोघांच्या परतीसाठी. तिसऱ्या आवाजालाच जागा नाही, सहाव्याची बात सोडा. ब्लूटूथवरून गाणी वाजतात तीही दोन चॅनलमध्येच. मग संच काय करतो? समोरच्या डाव्याला दिले तेच मागच्या डाव्याला देतो, उजव्याचेही तसेच, आणि दोघांची बेरीज मधल्याला. सगळे डबे वाजतात, घर दणाणते, आणि पडद्यावर समोर बोलणाऱ्या बाईचा आवाज आपल्या पाठीमागून येतो.

म्हणून दुकानात आधी संचाची मागची बाजू बघावी. 'एआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच केबलने संचाकडे आणणारी सोय) किंवा तिची सुधारित आवृत्ती 'ईएआरसी' असे लिहिलेले एचडीएमआयचे सॉकेट किंवा 'ऑप्टिकल' लिहिलेले छोटे चौकोनी भोक, यापैकी एक तरी हवे. आणि माहितीपत्रकात डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस डिकोडर असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. सहा आवाज एकत्र बांधून पाठवण्याच्या या दोन पद्धती, आणि डिकोडर ते पुन्हा सुटे करतो. यातले काही नसेल तर तो पाच पेट्यांचा स्टिरिओ आहे. गाणी ऐकायला, घरच्या बारशाला तो चालेल. फक्त सराउंड म्हणून पैसे मोजू नयेत.

वॅटचेही तसेच. पीएमपीओ (क्षणभराची कमाल शक्ती) या आकड्याला कुठलेही मानक नाही, छापणाऱ्याला वाटेल तो छापता येतो. संचाच्या मागे चिकटवलेली पट्टी वाचावी. तिच्यावर '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट' असे असेल तर तो भिंतीतून साठ वॅट घेतो. दहा हजार देणार कुठून? विचारायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती. १० बाय १५ फुटांच्या हॉलला चॅनलमागे ३० ते ४० खरे वॅट पुरून उरतात. आपण जाहिरात घेताना आरएमएस वॅट आणि डिकोडर आहे की नाही, या दोन ओळी छापायला लावल्यात तर वाचकांची निम्मी फसगत टळेल.

ज्यांच्या घरी सहा आरसीए सॉकेटांचा जुना ५.१ संच आहे, त्यांनी तो भंगारात काढण्याची घाई करू नये. एका बाजूला ऑप्टिकल किंवा एआरसी आणि दुसऱ्या बाजूला सहा आरसीए असलेला लहानसा डिकोडर बाजारात मिळतो. तो टीव्ही आणि संच यांच्यामध्ये बसवला की त्याच पेट्या खऱ्या अर्थाने सहा आवाज देऊ लागतात. हे डिकोडर सहसा साधे डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढेच ओळखतात, डॉल्बी डिजिटल प्लस नाही. तेव्हा टीव्हीच्या मेनूत 'डॉल्बी डिजिटल' निवडावे, 'ऑटो' नको.

आता जोडणी. रिसीव्हर (आवाज सुटे करून स्पीकरांना देणारा मुख्य डबा) किंवा साउंडबारपासून टीव्हीपर्यंत एकच एचडीएमआय केबल पुरते, पण टीव्हीच्या तीन-चार सॉकेटांपैकी एआरसी फक्त एकावर असते आणि केबल हमखास शेजारच्यात खोचलेली सापडते. मग चित्र येते, आवाज येत नाही, आणि संच बिघडल्याची तक्रार होते. केबल योग्य जागी गेल्यावर टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू करावे लागते. सॅमसंगमध्ये त्याचे नाव ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. एआरसी २००९ साली आले. त्यातून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जाते, म्हणजे ओटीटीवरचे ॲटमॉसही (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार). ब्लू-रेच्या तबकडीवरचा दर्जा न घटवलेला आवाज टीव्हीमार्गे न्यायचा तर २०१७ चे ईएआरसी दोन्ही टोकांना लागते. ऑप्टिकलमधून ५.१ जाते, ॲटमॉस जात नाही. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे इवलेसे टोपण असते. ते न काढताच केबल आत ढकलली जाते, ती नीट बसत नाही, आणि मग 'सॉकेट सैल आहे' म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते. टोपण काढल्यावर दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसला पाहिजे. ही केबल करकचून वाकवू नये, आत काच किंवा प्लॅस्टिकचा तंतू असतो.

तरीही ५.१ येत नसेल तर दोष बहुधा टीव्हीच्या एका सेटिंगचा. आवाजाच्या मेनूत 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' अशा नावाची ओळ असते. ती 'पीसीएम'वर असेल तर टीव्ही सहा आवाज स्वतःच दोनात कालवून पुढे पाठवतो. ती 'पास-थ्रू', 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करावी (वर सांगितलेला लहान डिकोडर लावला असेल तर मात्र 'डॉल्बी डिजिटल'च). सेट टॉप बॉक्सच्या मेनूतही अशीच ओळ असते आणि तिथे 'स्टिरिओ' ठेवलेले असते. ती विसरू नये. ओटीटीवर आवाजाची भाषा निवडतानाही पाहावे, कारण एकाच चित्रपटाचा मूळ आवाज ५.१ मध्ये आणि डब केलेला दोन चॅनलमध्ये असू शकतो. सगळे जमले की नाही ते रिसीव्हरच्या पाटीवर कळते: चित्रपट चालू असताना तिथे डॉल्बीचे किंवा डीटीएसचे नाव आले पाहिजे. 'पीसीएम' किंवा 'मल्टी चॅनल स्टिरिओ' दिसले तर पाचही पेट्या वाजत असल्या तरी गल्लत आहे. यूट्यूबवरच्या '५.१ टेस्ट' व्हिडिओंवर विसंबू नये, तिथला आवाज बऱ्याचदा दोन चॅनलमध्येच येतो. रिसीव्हरमध्ये स्वतःचा टेस्ट टोन असतो. खरखरीसारखा आवाज एकेका पेटीतून फिरत जातो. तो लावून कोणती पेटी कुठे बोलते ते पाहावे. डावा-उजवा सराउंड उलटा लागलेला असणे ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि चित्रपट पाहताना ती महिनोन्‌महिने कळत नाही.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, की शब्द आधी? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. शब्द आधी येत असतील तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आहे. रिसीव्हरच्या 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक'मध्ये २०-२० मिलिसेकंद वाढवत जावे. शब्द मागून येत असतील तर तो डिले शून्यावर आणावा आणि सेट टॉप बॉक्स किंवा प्लेअर टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरला जोडावा.

वायरींवर खर्च कमी आणि लक्ष जास्त द्यावे. ८ ओहमच्या स्पीकरला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाल-काळी ट्विन वायर १५ मीटरपर्यंत पुरते. जाऊन-येऊन ३० मीटरचा तिचा रोध सुमारे ०.४ ओहम भरतो, म्हणजे स्पीकरच्या पाच टक्के. तिथवर कानाला फरक कळत नाही. ४ ओहमचा स्पीकर किंवा त्याहून लांब पल्ला असेल तर २.५ घ्यावी. हजारो रुपये मीटरच्या 'ऑक्सिजन फ्री' वायरी घेण्याचे काही कारण नाही. फसवणूक होते ती दुसऱ्या टोकाला. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर तांब्याची म्हणून खपवली जाते. एक तार ब्लेडने खरवडली की आत पांढरे दिसते. तिचा रोध जवळपास दीडपट असतो, आणि दोन-चार वेळा वाकवली की स्क्रूखाली तुटते.

वायर सोलताना एक सेंटिमीटरच सोलावी, तारा घट्ट पिळाव्यात आणि पिळलेले टोक टर्मिनलच्या भोकात पूर्ण जाऊ द्यावे. केसाएवढी एक तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट होतो. रिसीव्हर चालू करताच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो तो बहुतेकदा याच कारणाने. हे सारे काम प्लग काढूनच करावे. तयार संचांना रंगीत पिना असतात: पांढरी समोर डाव्याला, लाल समोर उजव्याला, हिरवी मधल्याला, निळी डाव्या सराउंडला, करडी उजव्याला, जांभळी सबवूफरला. अशा संचांचे स्पीकर अनेकदा ३ ओहमचे असतात, तेव्हा ते काढून दुसऱ्या रिसीव्हरला लावू नयेत. ६ ते ८ ओहमसाठी बनवलेला रिसीव्हर तापून बंद पडेल.

लाल ते लाल, काळे ते काळे, हे सांगायची गरज नाही असे वाटते, पण पाचातला एक स्पीकर उलटा लागलेला असणे फार सर्रास दिसते. समोरच्या दोघांपैकी एक उलटा असेल तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणाऱ्याचा आवाज मध्ये न थांबता खोलीभर विरघळतो. वायरीवर खूण नसेल तर टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्यावा. रिसीव्हरकडची टोके सोडवून सेलला क्षणभर टेकवावीत. धन टोकाला लावलेली वायर स्पीकरच्या लालला जात असेल तर वूफरचा कागद बाहेरच्या बाजूला उसळतो. आत ओढला गेला तर वायर उलटी आहे. क्षणभरच, सेल धरून ठेवू नये.

स्पीकर ठेवायच्या जागांबद्दल. पाचही पेट्या शोकेसमध्ये ओळीने मांडलेल्या, मधोमध फोटो, सबवूफरवर फुलदाणी, असे दृश्य आपल्याकडे घरोघरी दिसते. तो संच कितीही महागाचा असो, सराउंड ऐकू येणार नाही. डोके जिथे टेकते तिथे सुतळीचे एक टोक धरावे आणि तिथून मोजावे. समोरचे डावे-उजवे मध्यरेषेपासून २२ ते ३० अंशांवर. सोफा टीव्हीपासून ८ फुटांवर असेल तर दोघांत साडेसहा ते नऊ फुटांचे अंतर ठेवावे. त्यांचे ट्वीटर (तीव्र सुरांचे छोटे स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावेत. मधला स्पीकर टीव्हीखाली, फळीच्या अगदी पुढच्या कडेला, तोंड किंचित वर करून. तो फळीत आत सरकवला की संवाद माठातून आल्यासारखे घुमतात. सराउंड ११० अंशांवर, म्हणजे कानापासून बाजूला ५ फूट गेलात तर मागे सुमारे पावणेदोन फूट, आणि कानापेक्षा एक-दोन फूट वर.

आपल्या हॉलमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि एका बाजूला बाल्कनीचे सरकते दार असते. मागे जागाच नाही. अशा वेळी सराउंड सरळ कानाच्या रेषेत बाजूंच्या भिंतींवर लावावेत, आणि बाल्कनीच्या बाजूचा स्टँडवर घ्यावा. मागच्या भिंतीवर डोक्याच्या वर टांगण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. शक्य असेल तर सोफा दीड फूट पुढे ओढावा. 'वायरलेस रिअर' या शब्दाने हुरळू नये. आवाजाची वायर वाचते, पण त्या स्पीकरला विजेचा प्लग लागतोच, आणि सोफ्यामागे सॉकेट असतेच असे नाही. काहींमध्ये वायरलेस डबी एकच असते आणि तिच्यापासून दोन्ही सराउंडना वायरच ओढावी लागते.

खर्ज मात्र खोली ठरवते, स्पीकर नाही. १७२ या आकड्याला खोलीच्या मीटरमधल्या मापाने भागले की खोली जिथे घुमते ते हर्ट्झ मिळतात. १० फुटांना ५६, १५ फुटांना ३८, आणि साडेनऊ फूट उंचीच्या स्लॅबला ५९. यातले ५६ आणि ५९ जवळजवळ एकावर एक येतात, म्हणून अशा हॉलमध्ये ढोलाचा एकच ठोका घुमत राहतो. भिंतीलगत हा फुगवटा सर्वाधिक असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की आवाज मोठा होतो, चांगला होतो असे नाही. जागा शोधायची युक्ती जुनी आहे: सबवूफर उचलून सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवावा, एकसारखा चालणारा बास असलेले गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत, कान जमिनीलगत ठेवून ऐकावे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, ती सबवूफरची जागा. घरातले हसतील, हसू द्यावे. सबवूफरला मागे भोक असेल तर भिंतीपासून अर्धा फूट सोडावे. वेगळा रिसीव्हर असेल तर सबवूफरवरचे क्रॉसओव्हरचे (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरने घ्यायचा ते ठरवणारे) बटण शेवटपर्यंत फिरवावे किंवा 'एलएफई'वर ठेवावे, कारण ते काम रिसीव्हर करतो. दोघांनी केले तर मधला पट्टा कापला जातो. आवाजाचे बटण मध्यावर.

नंतर मोजमाप. रिसीव्हरसोबत माइक आलेला असेल (डेनॉनमध्ये त्या सोयीला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ) तर तो कॅमेऱ्याच्या स्टँडवर, कानाच्या उंचीवर ठेवावा, सोफ्याच्या पाठीवर नव्हे. पंखा, एसी, कुकर सगळे बंद. मापन झाल्यावर दोन गोष्टी हाताने तपासाव्यात. समोरचे स्पीकर 'लार्ज' (सगळा खर्ज पेलणारे) ठरवले गेले असतील तर ते 'स्मॉल' (खर्ज सबवूफरकडे सोपवणारे) करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवावा. चार इंची वूफर असेल तर १०० ते १२०. आणि सबवूफरचे अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवले तर ते 'दुरुस्त' करू नये. सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. माइक नसेल तर प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरावे. आवाज एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद घेतो, आणि ४ फुटांवरचा सराउंड ९ फुटांवरच्या समोरच्याआधी पोचला तर कान सराउंडकडेच वळतो. मग टेस्ट टोनवर सगळे सारखे करावेत. फोनमधले ॲप पाच स्पीकरांच्या आपसातल्या तुलनेला चालते. सबवूफरसाठी नाही, फोनचा माइक खर्जात कच्चा असतो.

विट्रिफाइड फरशी, काचेची दारे आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये टाळी वाजवून पाहावी. 'टर्रर्' असा शेपटीसारखा आवाज आला तर संवाद कळत नाहीत त्याचे कारण तेच आहे. समोरच्या स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा आणि काचेवर जाड पडदा, एवढ्याने जो फरक पडतो तो रिसीव्हर बदलून पडत नाही. त्यानंतरही संवाद बारीक वाटले तर मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबलने वाढवावी.

सबवूफर काही न वाजवताही गुणगुणत असेल तर डिशची किंवा केबलची कोअॅक्स वायर सेट टॉप बॉक्समधून काढून पाहावी. गुणगुण थांबली तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक आवाजात शिरतो आहे. सगळी उपकरणे एकाच बोर्डवर घ्यावीत आणि वायर केबलची असेल तर तिच्या वाटेत आयसोलेटर (दोन अर्थिंगमधला सांधा तोडणारी डबी) बसवावा. तीन पिनी प्लगची अर्थची जाड पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला काही इलेक्ट्रिशियन देतात. तो कृपया ऐकू नये, त्यात जीव जाऊ शकतो.

नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी प्लास्टरच्या आधीच टीव्हीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंपर्यंत २५ मिलिमीटरचे पाइप टाकून घ्यावेत, विजेच्या पाइपपासून फूटभर दूर. एचडीएमआयचे तोंड रुंद असते, त्यासाठी ४० चा.

शेवटी शेजारी. खर्ज भिंतींबरोबरच स्लॅबमधूनही खाली जातो. सबवूफरखाली जाड फोम किंवा रबर ठेवल्याने फरशीचा थरथराट कमी होतो, हवेतून जाणारा नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रिसीव्हरच्या मेनूत 'नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' नावाची सोय असते. ती चालू केली की स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. दहानंतर ती चालू, सबवूफरची पातळी ६ डेसिबलने खाली.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ, पुणे